नवोदयातला माघ

दर वर्षी थंडी सरत आली की मंडळातल्या दोन-तीन घरांतून मला फोन येतो. "मुलगा पाचवीत आहे, नवोदयची परीक्षा देतोय. लागला नंबर तर पाठवू का रे?" मी सहावी ते बारावी नवोदयात राहिलो, तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार असणार असं त्यांना वाटतं. मीही तयार उत्तरच देतो. अभ्यास चांगला, जेवण ठीक, खर्च जवळजवळ नाही, पोरगं स्वतःची चादर स्वतः धुवायला शिकतं. काकू खूश होतात. फोन ठेवल्यावर मात्र दर वेळी वाटतं, खरं काही आपण सांगितलंच नाही. यंदा म्हटलं, फोनवर सांगता येत नाही ते लिहूनच टाकावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयांची योजना आली. पहिली दोन विद्यालयं हरियाणातल्या झज्जरला आणि विदर्भातल्या अमरावतीला सुरू झाली. साधारण जिल्ह्याला एक शाळा, सहावीत प्रवेश परीक्षेने ८० मुलं, त्यातली किमान ७५ टक्के ग्रामीण भागातली आणि एक तृतीयांश मुली. आज देशात अशी साडेसहाशेहून जास्त विद्यालयं आहेत. तमिळनाडूत एकही नाही. तिथलं कारण भाषेचं आहे, आणि मी जे सांगणार आहे तेही भाषेशीच येऊन थांबतं.

माझं नवोदय माळव्यात होतं. कोणतं ते लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. आमच्या गावापासून पन्नासेक किलोमीटर, चारी बाजूंना काळी जमीन, आणि कुंपणाच्या पलीकडे लगेच शेतं. बाबा सरकारी शाळेत शिक्षक. आमचं घराणं कधी काळी पवारांच्या पदरी कारकुनी करायला माळव्यात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, शेताकडे गेलं की माळवी. आपल्यापैकी बहुतेकांचं असंच असेल.

नवोदयातला दिवस सगळ्या ऋतूंत सारखाच. पहाटे शिट्टी, पीटी, आंघोळ, नाश्ता, प्रार्थना, वर्ग, जेवण, खेळ, संध्याकाळचा अभ्यास, हजेरी, दिवे बंद. पण माघ महिन्यात या वेळापत्रकाला वेगळाच रंग चढायचा. पहाटे बोअरवेलचं पाणी कोमट यायचं. त्यामुळे आंघोळीला जो पहिला पोचेल तो सुखी. टाकीतलं साठवलेलं पाणी ज्याच्या वाट्याला येईल तो दिवसभर नाक ओढत फिरणार. दहावी-बारावीच्या दादा-दीदींची बोर्डाची परीक्षा मार्चच्या सुरुवातीला, म्हणून त्यांच्या वसतिगृहाजवळून जाताना आपोआप पावलं हळू पडायची. एरवी कानफटात देणारा एखादा भैया रात्री अकराला पायऱ्यांवर ब्लँकेट गुंडाळून त्रिकोणमिती पाठ करताना दिसायचा आणि एकदम आपल्याएवढाच वाटायचा.

आणि हरभरा. माघात माळव्यातला हरभरा घाट्यांनी भरलेला असतो. कुंपणाच्या एका कोपऱ्यात तार वाकलेली होती. तिथून हात घालून टहाळ उपटायचे आणि कोटाच्या खिशात कोंबून आणायचे हे आमच्या अरावली हाउसचं परंपरागत काम होतं. पहाटे उपटले तर पानांवरच्या दवाने बोटं आंबट व्हायची. घरी आजी याच पाण्याला आंब म्हणायची. रुमाल भिजवून ती पिळून ठेवायची आणि पोटदुखीवर द्यायची. शेतकरी काका वर्षातून एकदा प्राचार्यांकडे तक्रार घेऊन यायचे आणि परत जाताना पोत्यातून ओंजळभर सोलाणे आम्हालाच देऊन जायचे. ही तक्रार होती की भेट, मला अजून नक्की सांगता येत नाही.

नवोदयाचं एक वैशिष्ट्य बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. नववीतली सुमारे ३० टक्के मुलं एक वर्षासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात. हिंदी भाषक प्रदेशातली मुलं बिगरहिंदी प्रदेशात आणि तिकडची इकडे. याला मायग्रेशन म्हणतात. त्या जोडशाळेची भाषा मग इकडच्या मुलांना सहावीपासून तिसरी भाषा म्हणून शिकवतात. आमच्या शाळेची जोडी कोकणातल्या एका नवोदयाशी होती, म्हणून आमच्याकडे तिसरी भाषा मराठी! यादव, पाटीदार, भील, राजपूत घरांतली मुलं बाकावर बसून मराठीची बाराखडी गिरवत होती आणि मी त्यांच्यात बसून जांभया देत होतो. मला वाटायचं, मला येतंच की सगळं.

येत नव्हतं. मराठीच्या मॅडमनी पहिल्याच चाचणीत दाखवून दिलं. मी लिहिलं होतं, "आई स्वयंपाक करून राहिली आहे." त्यावर लाल शाईची आडवी रेघ आणि वर, "करत आहे". गंमत म्हणजे मॅडम स्वतः विदर्भातल्या. बोलताना त्या सर्रास "काय करून राहिलास रे?" म्हणायच्या, पण वहीत चालू देत नसत. मी एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "बोलायचं ते बोल. कागदावर आलं की परीक्षक वाचतो." हे मला तेव्हा अन्यायाचं वाटलं होतं. आता सॉफ्टवेअरच्या धंद्यात पंधरा वर्षं काढल्यावर वाटतं, बाईंना इंटरफेस म्हणजे काय ते आमच्या कितीतरी आधी समजलेलं होतं.

मी नववीत गेलो ते २००२ साल. वर्गातली वीसेक मुलं कोकणात गेली. माझं नाव नव्हतं. बाबांनी संमतिपत्रावर सहीच केली नाही, कारण आजीचं म्हणणं, "मराठी शिकायला महाराष्ट्रात कशाला जायला हवं? घरात काय बोलतोय आपण?" आणि तिकडून वीसेक मुलं-मुली आमच्याकडे आली. दोन दिवस आगगाडीत बसून, पत्र्याच्या पेट्या घेऊन, उतरल्या उतरल्या भात मागत.

त्यांच्यातला एक मुलगा माझ्या वरच्या पलंगावर आला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. आम्ही त्याला समुंदर म्हणायचो. प्रार्थनेच्या वेळी ओळख करून देताना त्याने सांगितलं होतं की त्याच्या घरापासून समुद्र दिसतो, आणि त्या दिवशी दुपारच्या जेवणात निदान चाळीस जणांनी त्याला विचारलं असेल की दुसरा काठ दिसतो का. घरात तो, आई-वडील, एक लहान बहीण आणि आजी. वडील बोटीवर, म्हणजे वर्षातले आठ महिने नाहीतच. वाढवलं आजीने. तिने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी त्याने पेटीतून काढून पलंगावर पसरली तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. ऑगस्टचा उकाडा होता. डिसेंबरात ती गोधडी मागायला रांग लागली.

मला वाटलं होतं, मराठी मुलगा आला म्हणजे आपला माणूस आला. पहिल्या आठवड्यातच भ्रम गेला. कोकणातली पोरं आपसांत बोलायला लागली की मला निम्मं कळायचं नाही. "खंय" हा शब्द मी कित्येक दिवस कुठल्यातरी वस्तूचं नाव समजत होतो. आणि मी तोंड उघडलं की ती हसायची. मी भाजीला सब्जी म्हणतो, चहाला चाय म्हणतो आणि सगळं काही "करून राहतो". एक जण म्हणाला, "हा मराठी नाही, हा मराठी शिकलेला हिंदीवाला आहे." चौदा वर्षांच्या मुलाला हे फार लागतं. हिंदी मुलांत मी "मराठा", मराठी मुलांत "हिंदीवाला". समुंदर हसणाऱ्यांत असायचा, पण तो सर्वांत आधी थांबायचा. एवढ्यावर आमची मैत्री जमली. मी त्याला पोळीबरोबर काय काय खाता येतं ते शिकवलं आणि त्याने मला मासा कसा सोलतात ते हवेत हात करून दाखवलं. मेसमध्ये मासा कधीच येणार नव्हता.

२००३ च्या फेब्रुवारीत शाळेत कांजिण्या आल्या.

हिवाळा संपताना वसतिगृहांत हे नेहमीचंच, पण त्या वर्षी वेळ वाईट होती. बोर्डाची परीक्षा आठ-दहा दिवसांवर. कांजिण्यांचा स्वभाव असा की अंगावर पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मुलगा इतरांना आजार देत असतो, आणि ज्याला लागण झाली त्याला कळायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. म्हणजे आज ज्याच्या शेजारी जेवलात त्याचं उत्तर होळीला मिळणार. दहावीचे दादा आमच्या वाटेने येईनासे झाले. कुणाच्या कपाळावर साधी पुटकुळी आली तरी अभ्यासाच्या खोलीत कुजबुज व्हायची. मेसमधल्या भैयांनी "माता आई है" म्हणून दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले. सिस्टरनी कॅलामाइनच्या बाटल्या मागवल्या. दोघांनी एकमेकांच्या उपायांना नावं ठेवली नाहीत.

दवाखान्यामागची एक खोली रिकामी करून आजारी मुलांना तिथे ठेवलं. पहिल्या आठवड्यात सात जण झाले. जिल्ह्यातली मुलं होती त्यांचे आई-वडील आले, कुणी मोटरसायकलवर, कुणी ट्रॅक्टरवर, आणि मुलांना शालीत गुंडाळून घरी घेऊन गेले. राहिले तिघे. तिघेही कोकणातले. त्यांना न्यायला दोन दिवसांचा प्रवास करून कोण येणार, आणि अशा अंगाने आगगाडीत कसं बसवणार? २३ तारखेला, रविवारी, समुंदरच्या मानेवर पहिले फोड दिसले.

या खोलीत जेवण न्यायला कुणीतरी हवं होतं. सिस्टरनी विचारलं, "लहानपणी कुणाला येऊन गेल्यात?" माझ्या कपाळावर चार वर्षांचा असतानाची खूण आहे. शिवाय तापात ती मुलं हिंदी विसरून मराठीत बोलायला लागली होती आणि सिस्टर केरळच्या. अशी माझी नेमणूक झाली. तीन वेळा तीन थाळ्या, गरम पाण्याची बादली आणि दुभाष्याचं काम. बदल्यात सकाळची पीटी माफ. खरं सांगायचं तर मला एवढं महत्त्व आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं आणि मला ते आवडत होतं.

मंगळवारी, २५ तारखेला, टपाल आलं. समुंदरच्या नावे निळं आंतर्देशीय पत्र होतं, त्याच्या आईचं अक्षर. त्याचा ताप उतरत नव्हता, पापण्यांवरही फोड आले होते आणि उजेड सहन होत नव्हता. तो म्हणाला, "तूच वाच."

मी उघडलं आणि वाचायला लागलो. छापील मराठी मला यायची, पण हाताने घाईत लिहिलेली, कडेला गर्दी करून बसवलेली मराठी वाचायची सवय नव्हती. एकेक शब्द लावत चाललो होतो. तुझं पत्र मिळालं. अभ्यास नीट कर. बाबांचा फोन आला होता. पुढची ओळ मी तोंडाने वाचायच्या आधी डोळ्यांनी लागली. आजी गेली होती. १२ तारखेला, पहाटे. तुझी परीक्षा तोंडावर आहे, एवढ्या लांबून एकट्याने येऊ नकोस, सगळं झालं आहे, असं पुढे लिहिलं होतं.

मी थांबलो. त्याने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "पुढे?"

मी म्हणालो, "आजी आता चांगली होऊन राहिली आहे. तुझी आठवण काढून राहिली आहे. आंब्याला मोहोर आला आहे." आणि "आशीर्वाद" म्हणून पत्र संपवलं.

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "बरं." मी पत्र घडी करून खिशात घातलं. त्याने ते मागितलं नाही.

बाहेर येऊन मी सरळ मराठीच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग म्हणाल्या, "ताप उतरू दे. मग मी सांगते. तोवर तू काही बोलू नकोस." म्हणजे मोठ्या माणसाची परवानगी मिळाली. मला हलकं वाटायला हवं होतं. पत्र मी कंपासपेटीत ठेवलं आणि भूमिती करायला घेतली की ते हाताला लागायचं.

त्याच संध्याकाळी सिस्टर अंथरुणं बदलायला आल्या. कांजिण्यांचे कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे असा त्यांचा नियम. समुंदरने चादर दिली, उशीचा अभ्रा दिला, गोधडी दिली नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवली. सिस्टर रागावल्या, मी समजावलं, "अरे, धुवून परत मिळेल." त्याने मान हलवली. शेवटी सिस्टरच नमल्या. उद्या गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात टाकू, म्हणाल्या. मला वाटलं, ताप डोक्यात गेलाय.

पुढचे चार दिवस मी त्याच्याशी जरा जास्तच गोड वागलो. मेसमधून चोरून भाताची जादा मूद आणली. सोलाणे सोलून दिले. दर वेळी आत जाताना वाटायचं, आता विचारेल. तो विचारायचा नाही. आईला उत्तर लिहायचं का म्हणून मीच एकदा विचारलं, आणि जीभ चावली. तो म्हणाला, "नंतर लिहू." बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी मी मॅडमच्या घराकडे चक्कर मारली. त्या म्हणायच्या, "अजून एक दिवस." त्यांना सांगणं जमत नव्हतं हे मला आज कळतं. त्यांचं वय तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षा कमी असेल.

शनिवार, १ मार्च. महाशिवरात्र. आमच्या घरच्या पंचांगात ती माघातली आणि हिंदीच्या सरांच्या पंचांगात फाल्गुनातली. यावरून दर वर्षी एक वाद व्हायचा आणि मग दोन्ही बाजू साबुदाण्याची खिचडी खायच्या. त्या वर्षी वाद घालायला कुणालाच वेळ नव्हता, कारण त्या दिवशी सेंच्युरियनला विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामना होता. चाळिशीकडे झुकलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो दिवस कुठे काढला ते सांगेल. प्राचार्यांनी बोर्डाच्या मुलांनाही दोन तासांची सूट दिली होती. मोठ्या खोलीत एका टीव्हीसमोर चारेकशे पोरं. सईद अन्वरचं शतक झालं, पाकिस्तानच्या २७३ झाल्या, सगळे नखं खात होते. सचिनने शोएबला थर्डमॅनवरून षटकार मारला तेव्हा छत उडायचं बाकी राहिलं. आणि मग वीज गेली.

त्या काळी मध्य प्रदेशात वीज जाणं ही बातमी नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटी सरकार पडलं त्यात विजेचा वाटा मोठा होता. जनरेटर होता, पण डिझेल बोर्डाच्या मुलांच्या रात्रीच्या अभ्यासासाठी राखलेलं. पोरं फाटकावरच्या चौकीदार काकांच्या ट्रान्झिस्टरकडे धावली. चौकी दवाखान्याच्या मागेच होती, म्हणजे आजारी खोलीच्या खिडकीतून समालोचन ऐकू यायचं. मी उपासाच्या खिचडीच्या थाळ्या घेऊन आत गेलो. बाकीचे दोघे खिडकीला चिकटलेले. समुंदर पलंगावर बसला होता. फोडांवर खपल्या धरल्या होत्या, ताप गेला होता. गच्चीवरून परत आलेली गोधडी खांद्यावर.

सचिन ९८ वर बाद झाला. बाहेर एकदम शांत झालं. चारशे पोरं गप्प बसलेली मी नवोदयात तेवढ्या एकाच वेळी ऐकली. अजून जवळपास शंभर धावा हव्या होत्या.

त्या शांततेत त्याने विचारलं, "पत्र तुझ्याकडेच आहे ना?"

मी म्हणालो, "कुठलं?"

"आईचं. आजी कधी गेली?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी विचारलं ते भलतंच, "मॅडमनी सांगितलं?"

तो म्हणाला, "तूच सांगितलंस. वाचता वाचता मध्येच आई तुझ्यासारखं बोलायला लागली. 'होऊन राहिली आहे.' आमच्या घरी असं कोण बोलतं?"

चार दिवस त्याला माहीत होतं. मी भात आणत होतो, सोलाणे सोलत होतो, आणि तो मला ते करू देत होता. का बोलला नाहीस, असं मी पुढे कितीतरी वर्षांनी विचारलं. तो म्हणाला, "तू पत्र पूर्ण वाचलं नव्हतंस. जोवर कुणी वाचून दाखवत नाही तोवर नक्की नव्हतं ना."

मी वसतिगृहात धावत जाऊन कंपासपेटी आणली. विजेरीच्या उजेडात पत्र पहिल्यापासून वाचलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही आणि घातला नाही. दोन ठिकाणी अडखळलो. एके ठिकाणी लिहिलं होतं की आजीला खळ्यात ठेवलं तेव्हा सगळी वाडी जमली होती. मला खळं म्हणजे धान्य मळायची जागा एवढंच माहीत. मी वर पाहिलं. तो म्हणाला, "खळं म्हणजे घरापुढचं अंगण रे." आणि मग रडला. गोधडीत तोंड घालून, आवाज न करता, बराच वेळ. बाकीचे दोघे खिडकी सोडून आले आणि पलंगावर येऊन बसले. मी थाळी हातात धरून उभाच होतो. द्रविड आणि युवराजने सामना जिंकून दिला तो आम्ही कुणी ऐकला नाही. गावात फटाके वाजले तेव्हा कळलं. खिचडी थंड होऊन दगड झाली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या बसल्या जागी गप्प झाल्या. मग आठवडाभराने, खपल्या पडल्यावर आणि सिस्टरनी परवानगी दिल्यावर, त्यांनी आम्हा दोघांना स्कूटरवर मागे बसवून गावातल्या एसटीडी बूथवर नेलं. तिघांनी एका स्कूटरवर बसू नये हे तेव्हाही बेकायदाच होतं. त्याच्या वाडीत एका घरी फोन होता. आधी फोन करून निरोप द्यायचा, मग पंधरा मिनिटं थांबून परत लावायचा. ती पंधरा मिनिटं आम्ही बूथबाहेरच्या बाकावर काढली. रस्त्याच्या कडेला पळस फुलायला लागला होता. परत फोन लागल्यावर मला वाटलं, तो रडेल, आजीबद्दल विचारेल. त्याने विचारलं, गाय व्याली का. बहिणीचा खोकला कसा आहे. आजीच्या खोलीत कोण झोपतं. मग ऐकत राहिला. लाल आकडे पळत होते. शेवटी म्हणाला, "इथली थंडी संपली आता." पैसे मॅडमनी दिले आणि किती झाले ते आम्हाला पाहू दिलं नाही.

होळीला त्या वर्षी कोकणातल्या मुलांनी मैदानात शिमगा करून दाखवला. कागदाची पालखी केली, नाचवली, बोंबा ठोकल्या. आम्ही आमच्या रिवाजाप्रमाणे होळीच्या निखाऱ्यांवर हरभऱ्याचे टहाळ भाजले. समुंदर पालखीला नव्हता. तो आमच्या बाजूला बसून भाजलेले घाटे फोडून खात होता, हात काळे करून. कांजिण्यांची शेवटची दोन मुलं त्याच आठवड्यात बरी झाली. बारावीच्या एका दादाला मात्र ऐन परीक्षेत आल्या. त्याने वेगळ्या खोलीत एकट्याने बसून पेपर दिले आणि पास झाला. आमच्यासाठी तो सचिनपेक्षा मोठा.

एप्रिलमध्ये ती सगळी मुलं परत गेली आणि आमची परत आली. आमची पोरं "खंय" म्हणत आली, पोहता येऊ लागलं होतं, आणि मेसच्या पोळ्यांना नावं ठेवत होती.

मी पुढे इंदूरला बी.ई. केलं, नोकरीसाठी पुण्यात आलो. पुण्यातही पहिले काही महिने माझ्या मराठीवर लोक हसले, पण तोवर मला त्याची सवय झाली होती. समुंदर मर्चंट नेव्हीत गेला, वडिलांसारखाच. २०१२ मध्ये मी त्याच्या घरी गेलो. खळं पाहिलं. शेणाने सारवलेलं, एका बाजूला तुळस, पलीकडे माड आणि माडांतून समुद्र. दुसरा काठ दिसत नाही. त्याच्या आईने मला बांगड्याचं तिखलं वाढलं आणि म्हणाली, "पत्र तूच वाचलंस ना?" मी हो म्हटलं. ती आणखी काही बोलली नाही, भात वाढत राहिली.

तर, नवोदयात मुलाला पाठवू का असं विचारणाऱ्या काका-काकूंना माझं उत्तर अजूनही तेच आहे: पाठवा, मुलाची इच्छा असेल तर. फक्त एक करा. मोबाइलच्या काळातही त्याला कधीमधी हाताने पत्र लिहा, आणि जे लिहाल ते तुमच्या घरच्या भाषेत लिहा. मंडळाच्या स्नेहसंमेलनात बोलतो ती भाषा नको, स्वयंपाकघरात बोलतो ती.

समुंदर आता वर्षातले सहा महिने जहाजावर असतो. बंदर आलं, नेटवर्क मिळालं की फोन करतो, वेळकाळ न बघता. मागच्या आठवड्यात रात्री दोनला आला. बायको वैतागली, मुलगी जागी झाली. मी फोन उचलला. पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि त्याचं नेहमीचं पहिलं वाक्य, "काय करून राहिलास?"